ताटातील मांस आणि मनातील लाज

2024 च्या नाताळापूर्वी, आगमनकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात, शहापूर-मुरबाड भागात विखुरलेल्या आम्हा काही कुटुंबांचा एक छोटा मेळावा भरला होता. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी सहभोजन करावे असा विचार होता. कोणी भात आणायचा, कोणी कोंबडी, कोणी कुलकुल आणि नेवऱ्या, हे ठरत गेले. मागील वर्षी ज्या घरातून गुळाचा लेप देऊन भाजलेले डुकराचे मांस आले होते आणि ज्याचा तुकडाही पातेल्यात उरला नव्हता, त्या घरच्या बाईंनी यंदाही ते आणण्याची तयारी दाखवली. तोच एक सुशिक्षित, सेवाभावी सद्गृहस्थ उठले आणि अत्यंत सौम्य शब्दांत म्हणाले की, आपण येथे मूठभर आहोत, आजूबाजूचा समाज वेगळा आहे, तेव्हा हा पदार्थ आता सोडून दिलेला बरा. आणि ज्यांना सोडवत नसेल त्यांनी आपापल्या घरी, खिडक्या लावून, काय ते करावे.

चारपाच माना डोलल्या. त्या बाई खाली बसल्या. आम्हीही काही बोललो नाही. त्या मौनाचा दोष आमच्याकडे आहे आणि हा लेख म्हणजे त्याची उशिराने केलेली फेड आहे.

त्या सद्गृहस्थांच्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या सल्ल्याविषयी. कारण तो सल्ला एका पदार्थापुरता नाही. आपण जे खातो ते लपवण्याजोगे आहे असे एकदा मुलांच्या मनावर बिंबले, की आपण जे आहोत तेही लपवण्याजोगे आहे हे त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही. शाळेत डबा उघडताना हाताने झाकणारी मुले आम्ही आपल्याच घरांत पाहिली आहेत.

ही लाज प्रथम शब्दांत शिरली. आमच्या घरांत आता ‘डुक्कर’ हा शब्द ताटाच्या आसपास फिरकत नाही, ‘पोर्क’ म्हणायचे. जणू इंग्रजी नाव दिले की जनावर धुऊन निघते! गंमत अशी की ही लपवाछपवी मूळची इंग्रजांचीच. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतर गोठ्यातील जनावराला राबणाऱ्यांचा देशी शब्द राहिला आणि ताटातील मांसाला राज्यकर्त्यांच्या फ्रेंच भाषेतला शब्द आला. जनावर पाळावे गड्याने, मांस खावे धन्याने, असा तो भेद. आपण तर पाळणाऱ्यांतले आणि शिजवणाऱ्यांतले. आपल्याला हा धनीपणा कशाला हवा?

मग युक्तिवाद येतो तो परकेपणाचा. डुकराचे मांस पोर्तुगीजांबरोबर आले, भाजण्याची तऱ्हा साहेबाबरोबर आली, आणि मांसावर गोड लेप हा तर विलायती सिनेमातला प्रकार, असे आमचीच तरुण मंडळी सांगतात. वाचकांनी थोडा इतिहास धीराने ऐकावा. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात ही नोंद याच ग्रंथात आहे, म्हणून मराठी अभ्यासकांना तो विशेष प्रिय. त्याच ग्रंथाच्या अन्नभोग या भागात वराहाचे केस कसे काढावेत आणि त्याचे मांस कसे भाजावे, हेही राजाने विस्ताराने सांगितले आहे. पोर्तुगीजांच्या हाती वसई आली ती 1534 साली. म्हणजे त्यांच्याआधी चारशे वर्षे आपल्या या मुलखाशेजारच्या राजवाड्यात डुक्कर भाजले जात होते.

आता गोडाचे पाहा. ऊस आपला, उसापासून घट्ट गोड करण्याची विद्या आपली, आणि ‘शर्करा’ हा शब्दही आपला. तो फारसी-अरबी मुखांतून फिरत फिरत पोर्तुगीजांकडे आणि इंग्रजांकडे गेला. गुळाला इंग्रजीत ‘जॅगरी’ म्हणतात तो शब्दसुद्धा त्याच शर्करेचा, केरळच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीजांनी उचललेला नातू आहे. उलट, जिच्यावाचून आपले कालवण होत नाही ती मिरची मात्र अमेरिकेची. ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. मिरची आपली झाली आणि गूळ परका झाला, हा कुठला न्याय? आपले इंद्याल घ्या. द्राक्षाची दारू आणि लसूण यांत मुरवलेल्या मांसाचे पोर्तुगीज नाव झिजत झिजत ‘इंद्याल’ झाले, द्राक्षाच्या दारूची जागा आपल्या माडाच्या ताडीच्या शिरक्याने घेतली, त्यात आजीने चिमूटभर साखर घातली, आणि आज कोणी त्याला परके म्हणत नाही.

आणि चव म्हणाल, तर आंबट-गोड-तिखट ही चव या मातीत जितकी मुरली आहे तितकी दुसरी कोणतीही नसेल. शेजारच्या प्रत्येक घरात चिंचगुळाची आमटी शिजते. आपण ज्याला मोठ्या कौतुकाने विलायती झिलई म्हणतो ती, आमच्या मते, आटवलेली चिंचगुळाची आमटीच आहे. फक्त डाळ नाही. हे वाक्य आम्ही एका ज्येष्ठ बाईंपुढे बोललो तेव्हा त्या रागावल्या होत्या. मग त्यांनी बोट बुडवून चाटून पाहिले आणि गप्प राहिल्या.

भाजण्याची तऱ्हा इंग्रजी स्वयंपाकघरांतून आली हे मात्र आम्ही मान्य करतो. 1865 साली थळ घाटातून इगतपुरीपर्यंत लोहमार्ग पोहोचला, रेल्वेच्या वस्त्या उभ्या राहिल्या, आणि तेथील स्वयंपाकघरांत काम करणाऱ्या आपल्या लोकांनी साहेबाचा भाजलेला फरा पाहिला, शिकला, घरी आणला. त्यात लाजण्यासारखे काय आहे? पावही असाच आला, आणि वडापाव खाताना कोणी वंशावळ विचारत नाही.

परकेपणाचा आक्षेप हा पुस्तकी झाला. खरा आक्षेप घाणीचा आहे, आणि तो गंभीर आहे. उकिरड्यावर फिरणारे डुक्कर पाहिलेल्या माणसाला त्याचे मांस नकोसे वाटले तर त्याला आम्ही हसणार नाही. त्या डुकराच्या मांसातून पट्टकृमी होतो, आणि त्याच कृमीच्या अळ्या मेंदूत गेल्या तर फेफरे येते, हे डॉक्टर सांगतात ते सत्य आहे. ज्या प्रदेशांत हा रोग मुरलेला आहे तेथे फेफऱ्याच्या सुमारे 30 टक्के रुग्णांमागे हाच कृमी असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. पण हा कृमी फिरतो कसा, हे आपल्यापैकी किती जणांनी समजून घेतले आहे?

कच्चे राहिलेले, रोगट मांस खाल्ल्याने कृमी आतड्यात वाढतो. तेथून त्याची अंडी बाहेर पडतात ती माणसाच्या विष्ठेतून. ती उघड्यावरच्या विष्ठेतून शेतात, पाण्यात, पालेभाजीवर, न धुतलेल्या हातांवर जातात. आणि ती अंडी ज्याच्या पोटात गेली त्याच्या मेंदूत अळी घर करते. अंडी पोटात जाण्यासाठी मांस खावे लागत नाही. जन्मभर माळ पाळलेल्या माणसालाही कोथिंबिरीच्या जुडीतून हा रोग होतो. आणि डुकराला तो होतो कोणाकडून? माणसाकडून. माणसाची घाण खाऊनच डुकराच्या मांसात त्या गाठी होतात. तेव्हा दोघांपैकी कोणी कोणाला घाणेरडे म्हणावे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

यातून डुक्कर सोडावे असे निघत नाही. निघते ते असे की शौचालय वापरावे, भाजी धुवावी, मोकाट फिरणाऱ्या डुकराचे मांस स्वस्त मिळाले तरी घरात आणू नये, बंदिस्त जागेत धान्यावर पोसलेल्या जनावराचेच मांस परवानाधारक खाटकाकडून घ्यावे, कापताना आत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे फोड दिसले तर ते सगळेच टाकून द्यावे, आणि मांस हाडापर्यंत शिजवावे. 2020 साली आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आफ्रिकी डुक्करज्वराची साथ आली तेव्हाही आमच्याकडे काहींनी घाबरून मांस बंद केले होते. तो रोग डुकरांना मारतो, माणसाला होत नाही. साथीची बातमी वाचणे चांगले, पण शेवटपर्यंत वाचावी.

येथेच आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. माहुलीच्या किंवा माळशेजच्या बाजूच्या जंगलातून कोणी रात्री रानडुकराचे मांस आणून दाराशी उभा राहतो. “नाताळ आहे ना तुमचा?” असे म्हणतो. ते घेऊ नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार गुन्हा आहे आणि ते मांस बाळगणे हाही गुन्हाच आहे. पाळीव डुकराचे मांस विकण्यावर किंवा खाण्यावर महाराष्ट्रात बंदी नाही. 2015 चा कायदा गोवंशापुरता आहे. कायदा जे करू देतो ते लपूनछपून करणारे आणि कायदा जे करू देत नाही ते मात्र ‘चालते हो’ म्हणून करणारे लोक आमच्या माहितीत आहेत. दोन्ही एकाच भित्रेपणाची रूपे आहेत.

मग काही जण मधला मार्ग काढतात. मुंबईहून डब्यातील तयार मांस आणायचे, बाटलीतील तयार झिलई वर ओतायची, गरम करून वाढायचे. धूर नाही, वास नाही, शेजाऱ्याला पत्ता नाही. याला आमचा सर्वांत मोठा विरोध आहे. हे खाणे तर आहे, पण त्यात घर कुठे आहे? मांस घरी भाजले की ते आदल्या दिवसापासून भाजले जाते. लसूण सोलायला मुले बसतात, शिरका किती घालावा यावर दोन जावांचा वाद होतो, आजोबा निखारे सांभाळतात. डब्याने हे सगळे वाचवले, असे म्हणतात. आम्ही म्हणतो, गमावले.

आणि भट्टी नाही ही सबब कोणी सांगू नये. शहापूर-मुरबाडच्या बहुतेक घरांत भट्टी नाही, आमच्याकडेही नाही. गावातल्या बेकरीवाल्याला त्याच्या भट्टीत हे पातेले ठेवायला सांगणे तर आम्ही अयोग्यच मानतो. तो मुसलमान असेल तर त्याच्या धर्माला ते निषिद्ध आहे, आणि तो ओळखीखातर नाही म्हणू शकणार नाही, हे ठाऊक असताना त्याला विचारणे ही शेजारधर्माची पायमल्ली आहे. आपल्या आजीने केक भाजला तो भट्टीत नव्हे. जाड बुडाच्या टोपात, खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून. तीच रीत येथे पुरते.

दोन किलो फऱ्याचे मांस, कातडीसकट, एकसंध तुकडा. त्याला सुरीने खोल टोचे देऊन मीठ, वाटलेले आले-लसूण, मिरी, दालचिनी, चार लवंगा आणि अर्धी वाटी ताडीचा शिरका चोळून रात्रभर थंड जागी ठेवावे. सकाळी टोपाच्या तळाशी कांद्याच्या जाड चकत्या किंवा बांबूच्या स्वच्छ कामट्या अंथरून त्यावर मांस ठेवावे, म्हणजे ते बुडाला लागत नाही. वाटीभर पाणी घालून झाकण घट्ट बसवावे आणि मंद निखाऱ्यांवर अडीच-तीन तास विसरून जावे. (विसरून जाणे हा शब्दप्रयोग आहे, पाण्यावर लक्ष असू द्यावे.) लोखंडी सळई हाडापर्यंत खुपसून पाहावी. बाहेर येणारा रस पाण्यासारखा स्वच्छ हवा. गुलाबी असेल तर पुन्हा झाकावे. येथे घाई करणाऱ्याशी आमचे भांडण आहे, त्याचे कारण वर आलेच आहे. गॅसवर करणाऱ्यांनी कुकरमध्ये आधी शिजवून घेतले तरी पाप लागत नाही.

लेपाची वेळ याच्यानंतरची. पाव किलो गूळ, तोही काळसर. बाजारात पिवळाधमक गूळ दिसतो तो बहुधा रसायन घालून उजळलेला असतो. दिसायला देखणा, चवीला पोकळ. गूळ अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, नाहीतर दाताखाली रेती येते. त्यात दोन चमचे चिंचेचा कोळ, तितकाच शिरका, चमचाभर बाटली मसाला, चवीपुरते मीठ. मंद आचेवर आटवत आटवत चमच्याच्या पाठीवर थर धरेल इतपत आणावे. एकतारी पाकाच्या अलीकडे थांबावे, कारण गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो. मोहाच्या दिवसांत वाळवून ठेवलेली फुले घरात असतील तर ती उकळून, गाळून, त्यांचा आटवलेला रस गुळाच्या निम्म्या वाट्याला घालून पाहावा. त्या फुलांना जो धुरकट गोडवा असतो तो कोणत्याही बाटलीत मिळत नाही, आणि तो या रानाचाच आहे.

हा लेप आरंभी लावायचा नाही. आरंभी लावला तर मांस शिजण्याआधी साखर जळते आणि सगळे कडू होते. बहुतेक घरांत ‘आम्हाला गोड मांस आवडत नाही’ असे जे म्हणतात त्यांनी हे जळके मांस खाल्लेले असते. शेवटच्या वीस मिनिटांत, टोपातील चरबी काढून घेऊन, खालचे निखारे झाकणावर चढवून, कांद्याच्या पातीच्या जुडीने तीन वेळा लेप द्यावा. वरची कातडी जांभळट तांबडी चकाकू लागली की उतरवावे आणि कापण्याआधी वीस मिनिटे फडक्याखाली स्वस्थ राहू द्यावे. लगेच कापले तर रस पाटावर जातो, पोटात नाही.

आता शेवटचा आक्षेप, शेजाऱ्यांच्या भावनेचा. त्याला धर्मग्रंथाचा आधार दिला जातो. संत पौल रोमकरांना लिहितात की तुझ्या अन्नाने तुझा भाऊ दुःखी होत असेल तर तू प्रीतीने वागत नाहीस. खरे आहे, आणि ते आम्हाला बांधील आहे. म्हणूनच हे मांस आम्ही वेगळ्या टोपात करतो, न खाणाऱ्याच्या पानात वाढत नाही, सहभोजनात ते वेगळ्या मेजावर ठेवून नाव सांगून ठेवावे असे म्हणतो. पण दुसऱ्याला न दुखावणे वेगळे आणि स्वतःला दडवणे वेगळे. त्या मेळाव्यात कोणीतरी मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातील वृद्ध एलाजाराचाही हवाला दिला, की त्याने डुकराचे मांस खाण्यापेक्षा मरण पत्करले. तो सहावा अध्याय आम्ही घरी येऊन पुन्हा वाचला. एलाजाराच्या मित्रांनी त्याला सुचवले होते की तू तुझे चालणारे मांस आण आणि ते डुकराचे असल्याचे सोंग कर. नव्वदीच्या त्या माणसाने नकार दिला तो या सोंगाला. तरुणांपुढे आपण ढोंगाचा कित्ता ठेवणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. ज्यांनी हा हवाला दिला त्यांनी खिडक्या लावण्याचा सल्ला कोणत्या तोंडाने उचलून धरावा?

प्रेषितांच्या कृत्यांतील दहावा अध्याय तर सर्वांना पाठ आहे. यापो गावी शिमोन चांभाराच्या घराच्या धाब्यावर भुकेलेल्या पेत्राला आकाशातून उतरणारी चादर दिसली, तीत सर्व तऱ्हेचे प्राणी होते, आणि देवाने शुद्ध केलेले अशुद्ध मानू नकोस, अशी वाणी झाली. आपण एवढ्यावर पान मिटतो आणि मांस खायला मोकळे होतो. पण कथा पुढे जाते. पेत्र त्या दृष्टांताचा अर्थ लावतो तो अन्नाविषयी नव्हे, माणसांविषयी. आणि दुसऱ्याच दिवशी कैसरियाला जायला निघून कर्नेल्य या परक्या शताधिपतीच्या घरात पाऊल टाकतो. ती चादर दार उघडण्यासाठी उतरली होती.

आम्ही मात्र त्या नाताळाच्या दिवशी सल्ल्याप्रमाणे खिडक्या लावल्या. सहभोजनात कोंबडी खाऊन झाली होती. 25 डिसेंबरच्या सकाळी घरी दोन किलोंचा तुकडा टोपात चढवला, आणि आतली कडी घातली. तासाभरात स्वयंपाकघर धुराने भरले. धाकटी खोकू लागली. तेवढ्यात दारावर थाप पडली. शेजारच्या काकी होत्या. मार्गशीर्षाचा महिना होता. त्या महिनाभर त्यांच्या घरी अंडेसुद्धा येत नाही, आणि दुसरा दिवस त्यांच्या व्रताचा शेवटचा गुरुवार होता.

“काय जळतंय काय तुमच्याकडे? खिडक्या कशाला लावून घेतल्यात?”

आम्ही अडखळत खरे ते सांगितले. डुकराचे आहे, म्हणून, तुम्हाला वास नको म्हणून.

काकी क्षणभर पाहत राहिल्या. “अहो, दरवर्षी करता, तेव्हा नव्हता का येत वास? पोरीला बाहेर द्या आधी माझ्याकडे. आणि एक करा, उद्या माझं उद्यापन आहे, तर भांड्यांचं पाणी रातच्याला मागच्या अंगानं सोडा, माझ्या तुळशीकडनं नको.”

त्या धाकटीला कडेवर घेऊन गेल्या. आम्ही खिडक्या उघडल्या. निखारे तोवर विझत आले होते, लेप अजून लावायचा होता. ते पुन्हा फुलवायला अर्धा तास गेला आणि जेवण त्या दिवशी दोन वाजता झाले. रात्री भांड्यांचे पाणी मागच्या अंगाने सोडले.

यंदाच्या मेळाव्यात त्या बाईंनी पुन्हा तयारी दाखवली, तर आम्ही उठून बोलणार आहोत. गूळ आमच्याकडून.